मणक्यांमधल्या झिजलेल्या गादीत (डिस्कमध्ये) स्टेम सेलचं इंजेक्शन: आज पैसे मोजून घ्यावं का?

मेरुदंड: माझं मत, घेऊ नये. मणक्यांमधल्या गादीला रक्तपुरवठा जवळपास नसतोच. ग्लुकोज आणि प्राणवायू वरच्या-खालच्या मणक्यालगतच्या पातळ कूर्चेतून झिरपत येतात. झीज झाली की ही वाट अरुंद होते, आतली आम्लता वाढते. तिथे लाखो स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, सोडणं म्हणजे दुष्काळी गावात नवी वस्ती वसवणं. मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या अशाच इंजेक्शनच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत ४०४ रुग्ण होते. २०२१ मध्ये निकाल आला आणि मुख्य निकष हुकला.

निर्गुडी: अर्धंच सांगितलंत. तो निकष दुखणं आणि हालचाल एकत्र मोजणारा होता. नुसतं दुखणं पाहिलं, तर ६० लाख पेशी हायल्युरॉनिक आम्लातून (सांध्यांतल्या वंगणासारख्या दाट द्रवातून) मिळालेल्यांना नुसतं सलाइन टोचलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला, त्यातही दुखणं फार जुनं नव्हतं त्यांना. म्हणून पुढच्या चाचणीत १२ महिन्यांनंतरचं दुखणं हाच मुख्य निकष ठेवलाय. गादी पुन्हा फुगली नाही तरी पेशींच्या स्रावांनी दाह शमत असेल, तर दोन मणके स्क्रूने जोडून टाकण्यापेक्षा ते बरं नाही का?

मेरुदंड: पण दवाखान्यात मिळतं ते हे औषध नव्हेच! तिथे कमरेच्या हाडातून ५०-६० मिली मज्जा काढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि १-२ मिली अर्क गादीत सोडतात. मज्जेतल्या दहा हजार ते लाखभर पेशींत खरी स्टेम सेल एखादीच. मात्रा किती गेली, कोण मोजतं? शिवाय दाब जास्त झाला तर द्रव सुईच्याच वाटेने परत येतो. सशांवरच्या प्रयोगात अशा गळतीनंतर हाडाचे कंगोरे वाढले. सुईही निरुपद्रवी नाही. डिस्कोग्राफीसाठी (गादीत द्रव टोचून करायच्या तपासणीसाठी) टोचलेल्या गाद्या दहा वर्षांत न टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजल्याचं २००९ च्या अभ्यासात दिसलं.

सह्याद्रीवारा: त्याआधी गादीच दोषी आहे का, ते ठरवा. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयतही झीज दिसते, विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांत! नुसत्या रिपोर्टवर सुई घेऊ नका. घेतलीच असेल आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत दुखणं उतरण्याऐवजी चढत गेलं, रात्री झोप लागेना, तर ताप नसला तरी सीआरपी, ईएसआर (दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या) आणि एमआरआय करा. गादीतला जंतुसंसर्ग असाच गुपचूप वाढतो.

निर्गुडी: हे मान्य. तरी दार बंद करू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असले प्रयोग फक्त मंजूर चाचणीतच करायचे. चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक मागा, नैतिकता समितीची मंजुरी पाहा. इंजेक्शनचे पैसे मागत असतील, तर उठून या.