मदत हवी आहे: मुलगा ट्रेनिंगला चाललाय, सहा आठवडे उरलेत. नडगीचं दुखणं आणि त्याहून अवघड एक प्रश्न

रामबागवाला, इंदूर

नमस्कार मंडळी. रामबागेत आमचं छपाईचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका आणि बिलबुकं. थोरला मुलगा १९ वर्षांचा. अग्निवीर म्हणून त्याची निवड झाली आहे आणि दिवाळीनंतर लगेच नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात हजर व्हायचंय. हातात मोजून सहा आठवडे आहेत. माझी मेव्हणी नाशिकला राहते. दर रविवारी डबा पोचवणार असं तिने जाहीर करून टाकलंय. तिला समजावायचं काम बायकोवर सोपवलंय.

पोरगा कच्चा नाही. भरतीच्या मैदानात १.६ किलोमीटर ५ मिनिटं २४ सेकंदांत मारले. साडेपाच मिनिटांच्या आत आला म्हणून ६० पैकी ६०. बीम म्हणजे दांडीला लटकून वर ओढणं, ते पूर्ण दहा, त्याचे ४०. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघत फिरणारा हा मुलगा यंदा नऊ वाजता झोपला, यावरून काय ते समजा.

पण निकाल लागल्यापासून तो चेकाळलाय. आधी रोज तीन-चार किलोमीटर धावायचा, ते एकदम दहावर नेलं. तेही डांबरी रस्त्यावर आणि महूच्या बाजारातून आणलेले फौजी बूट घालून, कारण कोणीतरी सांगितलं की पायांना आत्तापासून सवय लागली पाहिजे. आता आठवडाभर दोन्ही नडग्या दुखतात, डावी जास्त. आई हळदीचा लेप लावते. हा वेदनाशामक गोळी खातो आणि पुन्हा धावायला जातो. थांबवू की धावू देऊ? थांबला तर दम जाईल अशी त्याला भीती आहे.

दुसरा प्रश्न माझा आहे. लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं.

मीही गेलो होतो. १९९८ साली. कुठल्या केंद्रात ते राहू द्या. २१ दिवस टिकलो, बाविसाव्या दिवशी घरी जायचंच म्हणून हटून बसलो. कागद झाले आणि परत आलो. अंगाने मी बरा होतो, धावण्यात पहिल्या दहांत असायचो. पण रात्री दिवे गेले की छातीत काहीतरी घट्ट व्हायचं. सगळं जग माझ्यावर ओरडतंय असं वाटायचं. उस्तादाचा, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्याचा, आवाज झोपेतही ऐकू यायचा. इथे आल्यावर वडिलांनी शेजारीपाजारी 'मेडिकलमध्ये काढलं' असं सांगितलं आणि तेच कायम झालं. मुलालाही तेवढंच माहीत आहे. पुढच्याच वर्षी कारगिल झालं. बातम्या लागल्या की मी उठून गच्चीवर जायचो.

तेव्हाची काळी पत्र्याची ट्रंक अजून माळ्यावर आहे. त्यात गणपतीच्या आरासेचं सामान असतं. परवाच भरून ठेवलं.

त्याला खरं सांगू का? सांगितलं तर 'बापाने सोडलं, मीही सोडू शकतो' असं मनात बसेल. नाही सांगितलं तर मनाच्या तयारीबद्दल मी काय तोंडाने बोलणार? शिवाय आता नियम वेगळा आहे. चार वर्षांची मुदत संपायच्या आत अग्निवीराला आपल्या मर्जीने सोडता येत नाही, अगदी अपवादात्मक कारण असेल तरच. मला जी पळवाट होती ती त्याला नाही.

बडोद्याची फिजिओ

दादा, दुसऱ्या प्रश्नावर मी बोलणार नाही. पहिल्यावर मात्र जरा दटावून बोलते, राग मानू नका.

धावणं आज बंद. उद्यापासून नाही, आजच. गोळी खाऊन धावणं तर अजिबात नको. दुखणं हा हाडाचा निरोप असतो आणि गोळी तो निरोप मधेच फाडून टाकते.

घरी एवढं तपासा. बोटाने नडगीच्या आतल्या कडेवरून वरून खाली दाबत या. वीतभर पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर बहुधा हाडाच्या आवरणाला आणि तिथल्या स्नायूंच्या मुळांना सूज आहे. याला शिन स्प्लिंट म्हणतात आणि ते विश्रांतीने बरं होतं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, त्या एका पायावर उडी मारता येत नसेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यायची. म्हणजे हाडाला केसासारखी चीर. ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे स्वच्छ आला' यावर खूश होऊ नका. डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा.

झालंय काय ते सांगते. दम आणि स्नायू काही आठवड्यांत वाढतात. हाडाला जास्त वेळ लागतो. वाढत्या भाराखाली ते आधी थोडं झिजतं आणि मग भरून घट्ट होतं. तुमच्या मुलाची छाती दहा किलोमीटरला तयार झाली, नडगी चारवरच होती. वरून कडक तळाचे बूट आणि डांबर. नव्या रंगरुटांमध्ये हे दुखणं जगभर दिसतं, त्यात त्याचा कमकुवतपणा काही नाही.

दम जाणार नाही. दोन आठवडे सायकल आणि पोहणं. सोबत पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, बैठका, प्लँक, बीम चालू ठेवा. व्हिटॅमिन डी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. दिवसभर दुकानात नाहीतर क्लासमध्ये बसणाऱ्या पोरांत डी सर्रास कमी निघतं. मग मातीच्या मैदानावर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं पहिल्यापासून. दर आठवड्याला थोडंच वाढवायचं. जायच्या दिवशी तो न दुखता पाच किलोमीटर आरामात पळाला तरी पुष्कळ. तिथे दहा पळणारा लंगडा पोचण्यापेक्षा पाच पळणारा धड पोचलेला बरा.

महूचा माजी हवालदार

ताईंनी पायाचं सांगितलं ते सोळा आणे. एक जोडतो. बुटात पळायचं नाही, चालायचं. संध्याकाळी अर्धा-पाऊण तास, जाड मोजे घालून. फोड आला तर फोडायचा नाही. आणि तिथे दुखलं तर लपवायचं नाही, सरळ सिक रिपोर्ट करायचा, म्हणजे आजारी आहे असं कळवून डॉक्टरला दाखवायचं. पोरं रेलिगेट होऊन मागच्या बॅचला जाऊ या भीतीने लपवतात, चीर वाढते, आणि मग चार दिवसांच्या आरामाच्या जागी चार महिने जातात. असे मी डोळ्यांनी पाहिलेत.

आता तुमचं. मी काही काळ उस्ताद होतो, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. रामबागवाले, तो उस्ताद तुमच्यावर ओरडत नव्हता. तो बिस्तराच्या घडीवर ओरडत होता. 'किसका बिस्तर है ये?' असं गरजताना आम्हाला बरेचदा तुमचं नावही ठाऊक नसतं. संध्याकाळी चहा पिताना आम्ही ते विसरलेलो असतो आणि पोरगं मात्र खाटेवर पडून तेच घोकत असतं. मुलाला हे एक वाक्य पाठ करून पाठवा: घडीवर ओरडतायत, माझ्यावर नाही. चूक झाली, शिक्षा मिळाली, फ्रंट रोल मारले, हिशोब संपला.

दुसरं म्हणजे पूर्ण ट्रेनिंगचा विचार करायचाच नाही. ३१ आठवडे असतात, पहिले १० बेसिक आणि पुढचे २१ तोफखान्याच्या कामाचे. हा आकडा रात्री खाटेवर पडून मोजायला घेतला की माणूस संपला. लंगरच्या पुढच्या जेवणापर्यंत टिकायचं, एवढाच हिशोब. जेवण झालं की पुढच्या गिनतीपर्यंत, म्हणजे हजेरीपर्यंत.

सहा आठवड्यांत घरी काय करायचं तर पहाटे साडेचारला उठवा. रविवारीसुद्धा. स्वतःचे कपडे धुणं, इस्त्री, बटण टाकणं, रोज दाढी, बूट चमकवणं हे आईने करायचं नाही. ताटात येईल ते दहा मिनिटांत संपवायचं. इंदुरी पोराला पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला नसला की घास उतरत नाही, ते आत्ताच सोडवा. ही कामं हाताला आधीच येत असतील तर तिथे अर्धा तास उरतो, आणि तो अर्धा तास म्हणजे झोप.

नाशिक रोडहून नुकताच

काका, मी तिथूनच ट्रेनिंग करून आलोय. हवालदारसाहेबांचं सगळं बरोबर. फक्त रडण्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. दुसऱ्या आठवड्यात मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बाहेर आलो तर शेजारच्या खाटेवरचा पोरगा बूट पॉलिश करत होता. न बघता म्हणाला, 'मैं कल रोया था.' तो बिहारचा. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांची घडी तपासायला लागलो.

पहिल्याच दिवशी शेजारच्याचं नाव, गाव, घरी कोण कोण, हे विचारून ठेवायला सांगा. रात्री जे घट्ट होतं ते बोलल्याने सैल होतं. फोन आमचा जमा असायचा, ठरल्या वेळीच मिळायचा. तेव्हा घरच्यांनी रडायचं नाही आणि 'कंटाळा आला तर ये परत' असंही म्हणायचं नाही. माझ्या आजीने म्हटलं होतं, तीन दिवस डोक्यात फिरत होतं. हिंदी तुमच्या मुलाची चांगलीच असणार. तो मोठा फायदा आहे, आमच्याकडच्या पोरांची पहिला महिना भाषेतच अडचण होते.

डब्याचं विसरा. मावशींना कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरच्या शपथेच्या परेडला बोलवा.

ग्वाल्हेरची आई

माझा मुलगा नौदलात आहे, चिल्काला ट्रेनिंग झालं. मला वाटतं, नका सांगू. जाण्याच्या तोंडावर मुलाच्या खांद्यावर बापाचं ओझं कशाला? तो रुळला, सुट्टीवर आला, की मग सांगा. तोवर त्याचीही छाती रुंद झालेली असेल.

महूचा माजी हवालदार

ताई, मान ठेवून असहमत. तो सुट्टीवर येईल तेव्हा ही गोष्ट नुसती गोष्ट असेल. आत्ता ती कामाची आहे. ज्याने खड्डा पाहिलाय त्यानेच सांगावं खड्डा कुठे आहे. मात्र एक, रामबागवाले. माफी मागायच्या सुरात सांगू नका. तारखेवार सांगा. पहिल्या आठवड्यात काय झालं, दुसऱ्यात काय, कुठल्या वेळी जास्त व्हायचं.

पुण्याचा आगंतुक

चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात, हे मुलाला माहीत आहे ना? मानसिक तयारी त्याचीही हवी.

रामबागवाला, इंदूर

पुणेकर, माहीत आहे. चार वर्षांनी मिळणाऱ्या सेवानिधीत तो ऑफसेट मशीन घेऊन देणार आहे मला. तो विषय आमच्या घरी रोज जेवताना होतो, इथे नको.

बाकी सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितोय.

पाय: इथल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. दुखणं वीतभर पसरलेलं निघालं, एका पायावर उडी मारता आली, रात्री ठणकत नाही. एक्स-रे स्वच्छ. तरी तुम्ही सांगितल्याप्रमाणे एमआरआयचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांत उतरलं नाही तर करू. उजवी बरी झाली, डावी बोटाने दाबल्यावर थोडी. व्हिटॅमिन डी कमी निघालं, त्याचं औषध चालू. सायकल मारतो, बुटांना हात लावत नाही. कपडे स्वतः धुतो, बनियनचा रंग शर्टाला लागला.

दुसरं: सांगितलं. धावणं बंद म्हणून आम्ही दोघं पहाटे नेहरू स्टेडियमला चालायला जातो. हवालदारसाहेबांनी म्हटलं तसं आठवड्यांच्या हिशोबाने सांगायला घेतलं. तिसऱ्या फेरीपर्यंत २१ दिवस संपले. तो काहीच बोलला नाही. मला वाटलं झालं, ग्वाल्हेरच्या ताईंचं ऐकायला हवं होतं.

चौथ्या फेरीला त्याने विचारलं, "बाबा, तुमच्या शेजारच्या खाटेवर कोण होता?"

मला नाव आठवेना. सातारकडचा होता की सांगलीचा, तेही नाही. २१ रात्री हातभर अंतरावर झोपलो आणि चेहरासुद्धा धड येत नाही डोळ्यांपुढे. तसंच सांगितलं त्याला.

"मग तिथेच चुकलं," म्हणाला. या धाग्याबद्दल त्याला काही माहीत नाही, शपथेवर सांगतो.

मी गप्प राहिलो. मग बाहेर येऊन पोहे खाल्ले. त्याने शेव नको म्हणून सांगितलं, पोहेवाला दोनदा बघत राहिला.

हवालदारसाहेब, एक शेवटचं. आता तो माळ्यावरची ट्रंक मागतोय. कडी गंजलीय पण पत्रा चांगला आहे. माझं नाव खरवडून त्याचं टाकून देऊ का? चालते का घरची ट्रंक?

नाशिक रोडहून नुकताच

काका, आम्हाला तिथेच घ्यावी लागली होती, सगळ्यांची एकसारखी. हजर व्हायच्या पत्रासोबत सामानाची यादी येते, तिच्यात असेल तेवढंच आणा.

रामबागवाला, इंदूर

बरं. मग गणपतीचं सामान आहे तिथेच राहू दे.