बाइकची टाकी घरीच रंगवतोय, क्लिअर कोटपाशी (रंगावरचा पारदर्शक थर) अडलोय. मदत हवी आहे

मंडळी, बाबांची जुनी आरएक्स १०० रंगवायला काढलीय. टाकी आणि चेनकव्हर पार पत्र्यापर्यंत घासलं, पोचे आलेत तिथं लांबी (पुट्टी) भरली, प्रायमर मारून ४०० आणि मग ८०० नंबरचा वॉटर पेपर फिरवला. इथवर झकास. पण सोलापूरचं ऊन! दुपारी गच्चीवर काळा मारला तर रंग पत्र्यावर बसायच्या आधीच वाळतोय, हाताला खरखरीत लागतो. वर धूळ, ती वेगळीच. आता पहाटेच मारणार.

खरखरीत कोट सगळा काढू, की १००० नं घासून त्यावरच मारू? शिवाय साधा क्लिअर पेट्रोल सांडलं की सुटतो, म्हणून हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा क्लिअर, म्हणजे टूके (2K), घ्यायचाय. (त्याला साधा मास्क चालत नाही, ठाऊक आहे.) आपल्याकडं तो पाव लिटर सुटा कुठं मिळेल?