अ‍ॅप स्टोअरचं कमिशन: नंतर दंड करून भागेल, की आधीच नियम हवेत?

घाटमाथा

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला एकाच आठवड्यात दोनदा दणका दिला. २० तारखेला अँड्रॉइडच्या अटींसाठी १,३३७.७६ कोटी, २५ तारखेला अ‍ॅपमधले पैसे प्ले स्टोअरच्याच बिलिंगने घ्यायच्या सक्तीसाठी ९३६.४४ कोटी. यातला दुसरा दंड अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तारखा पडतायत, तोवर अ‍ॅपमधून घेतलेल्या पैशांतून स्टोअरचं कमिशन कापलं जातंय.

१५ टक्के जास्त की ३० टक्के जास्त, या वादात मला रस नाही. मला खुपते ती सक्ती. गिऱ्हाईक माझं, माल माझा, पण पैसे कुठल्या मार्गाने घ्यायचे हे तिसराच ठरवणार. आयोगाच्या आदेशानंतर २०२३ च्या सुरुवातीला गूगलने भारतात दुसरा पेमेंट पर्याय द्यायची मुभा दिली खरी. आता ती मुभा हिशोबात मांडून बघा. १०० रुपयांची मासिक वर्गणी धरू, जीएसटी बाजूला ठेवू. गूगलच्याच बिलिंगने घेतली तर १५ रुपये जातात. दुसऱ्या पर्यायाने घेतली तर ४ टक्के सूट, म्हणजे ११ रुपये. त्यावर पेमेंट गेटवेचे साधारण २ रुपये आणि त्यावरचा कर. म्हणजे वाचतो जेमतेम दीड रुपया! शिवाय परतावा, तक्रारी, फसलेले व्यवहार सगळं आपल्याच गळ्यात. असला पर्याय कोण घेईल? न घ्यावा म्हणूनच तो तसा बेतलेला आहे.

मार्च २०२४ मध्ये याच वादातून शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम, कुकू एफएम वगैरे अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढली गेली. केंद्रीय मंत्र्यांनी आवाज चढवल्यावर काही दिवसांत परत आली. ज्याच्यासाठी मंत्री फोन उचलणार नाही, त्याने काय करायचं?

त्याच महिन्यात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदाही आला होता. बड्या कंपन्यांना आधीच काही गोष्टींची मनाई आणि ती मोडली तर जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड, असा तो आराखडा. माझं मत: हा कायदा हवा. तुमचं?

नीरक्षीर

असहमत. दुकान त्यांनी बांधलं, माल ठेवायला जागा त्यांची, अपडेट कोट्यवधी फोनवर पोचवतात ते, व्हायरस तपासतात ते. याचे पैसे मागितले की लगेच सक्ती?

आणि हे कमिशन फक्त डिजिटल मालावर आहे, हे धाग्यात लिहायचं राहिलंय. स्विगीवरून बिर्याणी मागवा, उबर बोलवा, मिशोवरून साडी घ्या, स्टोअरला एक पैसा जात नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या फुकट अ‍ॅपलाही कमिशन नाही. भरणारे मोजके आहेत आणि त्यांतले बरेच गुंतवणूकदारांच्या पैशावर जाहिराती करणारे. त्यांचं कमिशन वाचलं तर तुमची-आमची वर्गणी कमी होईल, असं खरंच वाटतं का?

पुणेरी_पॅच

नीरक्षीर, बिर्याणीवर शून्य आणि मुलांच्या ऑडिओ गोष्टीवर १५ टक्के, हाच तर आमचा प्रश्न आहे. अपडेट पोचवायचा खर्च दोघांचा सारखाच. उलट स्विगीचं अ‍ॅप आमच्यापेक्षा कितीतरी जड असेल.

आम्ही दोघं मिळून लहान मुलांसाठी मराठी गोष्टींचं ऑडिओ अ‍ॅप चालवतो. गुंतवणूकदार वगैरे कुणी नाही, रेकॉर्डिंग बायकोच्या माहेरच्या माडीवर. मध्यंतरी एका स्टोअरने (नाव घेत नाही, अजून तिथेच राहायचंय) आमचं अपडेट नाकारलं. कारण मदतीच्या पानावर आमच्या वेबसाइटची लिंक होती आणि वेबसाइटवर वर्गणी भरता येते. अ‍ॅपमध्ये ‘इथे भरा’ असं कुठेही नव्हतं. विचारणा केली की तोच ठरावीक मजकुराचा ईमेल परत. शेवटी लिंक काढली. आता कुणाला अडचण आली तर आमचा फोन नंबर शोधत बसायचं.

कमिशन द्यायला माझी ना नाही. माझ्याच गिऱ्हाइकाला माझाच पत्ता द्यायचा नाही, हे पटत नाही.

बँकवाली_मावशी

तुम्ही सगळे अ‍ॅप बनवणारे, मी त्या अ‍ॅपने फसलेल्यांना काउंटरवर भेटणारी. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल येते. कधी आरटीओचं चलान, कधी पीएम किसानचा हप्ता. नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे स्टोअरबाहेरून टाकायच्या अ‍ॅपची फाइल, पण ते वाचतं कोण? एक काका आले होते, खात्यातले पैसे गेलेले. फोन बघितला तर ‘अज्ञात स्रोत’ची परवानगी चालू, आणि एसएमएस वाचायची परवानगी पत्रिकेला! पत्रिकेला एसएमएस कशाला वाचायचे असतात, हा प्रश्न पडायला आधी पडदा वाचावा लागतो. काकांनी नुसतं ‘होय, होय’ दाबलं होतं.

त्यामुळे ‘स्टोअरची मक्तेदारी मोडा, कुठूनही अ‍ॅप टाका’ हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

घाटमाथा

मावशी, काळजी शंभर टक्के रास्त. पण दोन गोष्टी वेगळ्या करूया. पैसे दुसऱ्या मार्गाने घेणं वेगळं आणि अ‍ॅप बाहेरून टाकणं वेगळं. पहिल्यासाठी दुसऱ्याची गरज नाही. बाहेरून अ‍ॅप टाकण्यावरचे निर्बंध सैल करा, हीसुद्धा अँड्रॉइडच्या आदेशातली आयोगाची एक सूचना होती. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दहापैकी ज्या चार सूचना रद्द केल्या, त्यात ती गेली. मी त्यासाठी रडत नाही.

पण स्टोअरच्या आत सगळं सोवळं आहे, असंही समजू नका. कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सचा छळ आठवत असेल. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने अशी २,२०० हून जास्त अ‍ॅप्स काढल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. काढली म्हणजे आधी आत होती ना!

बँकवाली_मावशी

होती. म्हणून काढलीही गेली. व्हॉट्सअ‍ॅपवरची पत्रिका कोण काढणार?

पेमेंट वेगळं करायचं तर करा. पण मग वर्गणी बंद करायला कुठे जायचं? आज सगळ्या वर्गण्या एका यादीत दिसतात, बंद करता येतात. उद्या प्रत्येक अ‍ॅपचा ऑटोपे निराळा. तो शोधून देण्यात आमचा निम्मा दिवस जाईल, कमिशन मात्र तुमचं वाचेल.

बे_एके_बे

मला मसुद्याचीच भीती वाटते. त्यातले निकष वाचा. पैशाच्या बाजूने भारतातली उलाढाल ४,००० कोटी, वापराच्या बाजूने १ कोटी ग्राहक किंवा १० हजार व्यावसायिक. अशा चाळणीत गूगल-अ‍ॅपलच सापडतील आणि आपल्या मोठ्या कंपन्या सुटतील असं मानणं भाबडेपणा आहे.

दुसरं, आडतीचा अनुभव विसरू नका. २०१६ मध्ये आपल्याकडे फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची ठरली. कागदावर शेतकरी सुटला. पण ती आडत भावात वळती करून घेण्यापासून व्यापाऱ्याला कोण अडवतं? दक्षिण कोरियाने २०२१ मध्येच बिलिंगच्या सक्तीविरुद्ध कायदा केला. गूगलने तिथेही पर्याय दिला आणि ४ टक्के सूट! तोच फॉर्म्युला इथे आला.

घाटमाथा

कोरियाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. सक्तीला मनाई केली, पण पर्यायावरच्या वसुलीला लगाम घातला नाही. अमेरिकेत अ‍ॅपलने हेच केलं. कोर्टाने सांगितलं म्हणून बाहेरच्या लिंकला परवानगी दिली आणि त्या खरेदीवर २७ टक्के लावले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी त्याला कोर्टाचा अवमान ठरवलं. ते कोर्ट जागं होतं. आपल्याकडे ‘आदेश पाळलाय की पाळल्यासारखं केलंय’ हे बघायलाच तीन वर्षं लागतात.

राईनकाठचा

जर्मनीतून लिहितोय. इथे मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसरी स्टोअर चालतात, युरोपच्या कायद्यामुळे. भूकंप वगैरे काही झाला नाही. माझ्या मुलाने एपिक या गेम कंपनीचं स्टोअर टाकलं, फोर्टनाइट खेळायला. वाटेत इतके इशारे आले की मोठ्या माणसाने सोडून दिलं असतं, पोराने चिकाटी दाखवली. ऑफिसात मात्र दुसरं स्टोअर वापरणारा अजून भेटलेला नाही.

त्रासही आहे. अ‍ॅपलची एआयची सोय अमेरिकेत आधी आली, आमच्या आयफोनवर एप्रिल २०२५ मध्ये. कायद्याकडे बोट दाखवून रखडवली. आणि २०२४ मध्ये अ‍ॅपलने सवलतीच्या नव्या अटी आणल्या, त्या घेतल्या तर १० लाखांच्या वरच्या प्रत्येक इन्स्टॉलला वर्षाला अर्धा युरो लावला होता. त्यामुळे कायदा केला की संपलं, असं नाही. अटी लिहिणारे वकील त्यांच्याकडे जास्त आहेत.

नीरक्षीर

म्हणजे युरोपात कायदा करूनही वापरणारे मोजके. मग बाजारावरच सोडा ना. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअर काढलंच की, आपल्या भाषांत. बाहेरचं पेमेंट वापरलं तर कमिशन नाही. पुणेरी, तुम्ही तिथे आहात का?

पुणेरी_पॅच

आहोत. फोनमध्ये आधीपासून नसेल तर गिऱ्हाइकाला ते स्टोअर बाहेरून एपीके म्हणून टाकावं लागतं, कारण प्ले स्टोअरवर दुसरं स्टोअर ठेवू देत नाहीत. म्हणजे मुलांच्या गोष्टी ऐकवायला मी आजीला सांगायचं, ‘अज्ञात स्रोत’ची परवानगी चालू करा. मावशी मला फोनवरून झोडतील.

बँकवाली_मावशी

झोडेनच.

नीरक्षीर

बरं, लिंकवर बंदी नको आणि अ‍ॅप काढण्याआधी नोटीस व सुनावणी हवी, एवढ्यावर मी तुमच्याबरोबर. पण त्यासाठी स्पर्धा आयोगाचा सध्याचा कायदा पुरेसा आहे, त्यात मुदत घाला. जागतिक उलाढालीच्या १० टक्के दंडाला माझा विरोध कायम.

घाटमाथा

मुदत घातली आणि ती मोडली तर? २१६ कोटी गूगल एका दुपारीत भरेल. मसुद्यातले निकष बदला, बे_एके_बे म्हणतायत तसे वर न्या, मावशींसाठी वर्गणी बंद करायचं बटण सक्तीचं करा. दंडाचा आकडा मात्र मी खाली येऊ देणार नाही.

बे_एके_बे

निकष किती वर न्यायचे ते आधी लिहा, मग दंडाचं बघू.