शोग्रेन्सची शंका: लाळग्रंथींची सोनोग्राफी पुण्यात कुठे करावी?

मृद्गंध: आई ५८ वर्षांची. वर्षभर तोंड इतकं कोरडं की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. शोग्रेन्सची शंका आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या-अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार. पण त्यासाठीची एसएसए ही रक्ततपासणी निगेटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, ओठाची बायॉप्सी करा, निदान लाळग्रंथींची सोनोग्राफी तरी. आई कापाकापीला घाबरते. सोनोग्राफी २ हजारांत चांगली कुठे होईल?

पाटलीणबाई: सरळ एमआरआय करा. जाऊबाईंचा केला, साडेनऊ हजार गेले, पण जिवाचा घोर मिटला.

कोरडवाहू: माझी सोनोग्राफी दोनदा झाली. पहिल्या ठिकाणी पोटाचाच प्रोब गालाला टेकवला आणि पाच मिनिटांत 'नॉर्मल'. दुसरीकडे लिनिअर प्रोबने (कातडीलगतचं बारीक दाखवणारा सपाट प्रोब) कानापुढच्या दोन आणि जबड्याखालच्या दोन, अशा चारही ग्रंथी नीट बघितल्या. एकसारखी राखाडी दिसायला हवी त्या ग्रंथीत काळे ठिपकेच ठिपके, मधाच्या पोळ्यासारखे. प्रत्येक ग्रंथीला ० (नॉर्मल) ते ३ (सर्वांत खराब) ग्रेड लिहून मागा. आणि हे रोज बघणाऱ्याकडेच जा, लांब पडलं तरी.

गोदाकाठ: बायॉप्सीच करा. शोग्रेन्स ठरवायच्या २०१६च्या निकषांत सोनोग्राफी नाहीच. एकूण ४ गुण लागतात. एसएसएचे ३, बायॉप्सीचे ३. डोळ्यांच्या दोन तपासण्या आणि लाळेची मोजणी यांना एकेकच. एसएसए नाही म्हणजे बायॉप्सीशिवाय ३च्या पुढे जातच नाही. माझ्या ओठाला आतून दोन टाके पडले, आठवडाभर मऊ भात खाल्ला, झालं.

कोरडवाहू: ते निकष संशोधनासाठी आहेत हो. निदान करताना डॉक्टर सगळंच बघतात.

सातारकर: ज्येष्ठमध चघळायला द्या. आमच्या आजीला गुण आला.

निळीशाई: बीपी असेल तर ज्येष्ठमध अजिबात नको, वाढतं. ताई, आईंना झोपेची किंवा नैराश्याची गोळी चालू आहे का? ॲमिट्रिप्टिलिनसारख्या गोळीनेही तोंड सुकतं.

सातारकर: आजीला बीपी होतं, काही झालं नाही.

तुळशीकट्टा: बायॉप्सीला माझंही मत.

मृद्गंध: सर्वांचे आभार. शनिवारी घराजवळच्याच सेंटरला जातोय, लांबचा प्रवास आईला झेपत नाही. लिनिअर प्रोब आहे, फोनवर विचारून घेतलं. चिठ्ठीवर 'चारही ग्रंथी, ग्रेडसह' असं डॉक्टरांकडून लिहून घेतलंय. बायॉप्सीचं रिपोर्टनंतर बघू. निळीशाई, रात्रीची गोळी खरंच निघाली, आठ महिन्यांपासूनची. कोरडेपणा त्याआधीचा आहे, तरी पाकिटाचा फोटो डॉक्टरांना पाठवलाय.