मदत हवी आहे: फॉर्मवर डेमोक्रॅट लिहू, रिपब्लिकन लिहू, की कोणताच पक्ष नको?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत मी अमेरिकेची नागरिक झाले. माझी मुलाखत जुन्या पद्धतीची होती: जास्तीत जास्त दहा प्रश्न विचारायचे, सहा बरोबर आले की झालं. मला विचारलेल्यांत एक होता: अमेरिकेतले दोन मोठे राजकीय पक्ष कोणते? मी चटकन दोन नावं सांगितली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. आता मतदार नोंदणीचा फॉर्म चार दिवस जेवणाच्या टेबलावर पडून आहे. तेच दोन पक्ष त्याच्या एका रकान्यात आहेत आणि माझ्याने खूण होत नाहीये.

आम्ही पेन्सिल्व्हेनियात बक्स काउंटीत राहतो. इथे नाव नोंदवतानाच पक्ष लिहायचा असतो. 'कोणताच नाही' असंही लिहिता येतं, पण मग प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या फेरीत, उमेदवाराला मत देता येत नाही. यंदाची प्रायमरी १९ मे २०२६ ला आहे आणि नोंदणीची मुदत त्याच्या पंधरा दिवस आधी संपते. नोव्हेंबरात कुठल्याही पक्षाच्या उमेदवाराला मत देता येतं, तिथे अडचण नाही. नवऱ्याचं नागरिकत्व अजून व्हायचं आहे, त्यामुळे घरातलं पहिलं मत माझं.

मी मूळची सांगोल्याची. आमच्याकडे गणपतराव देशमुख म्हणजे आबासाहेब अकरा वेळा आमदार झाले, तेही शेतकरी कामगार पक्षाकडून. राज्यात त्या पक्षाचं बळ किती होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वडील म्हणायचे, माणूस बघून मत टाकायचं, चिन्ह नंतर. लोकसभेला आमचं घर वेगळ्याच चिन्हावर शिक्का मारायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मी त्याच घरात वाढले. आपण कुठल्या पक्षाचे, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

इथे मात्र दोन गाठोडी बांधून समोर ठेवली आहेत. यातलं एक उचललं की त्यातलं सगळं आपलं म्हणायचं, असं मैत्रिणींच्या बोलण्यावरून वाटतं. माझी मतं दोन्हींत विखुरलेली आहेत. मोकळेपणाने लिहिते, म्हणजे तुम्हाला नीट सांगता येईल.

सगळ्यात अवघड विषय आधी. २००७ साली मला पहिल्यांदा दिवस गेले. अठराव्या आठवड्यात सोलापूरला सोनोग्राफी झाली आणि बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही असं कळलं. डॉक्टरांनी कायदा समजावला (तेव्हा मर्यादा वीस आठवड्यांची होती), सासऱ्यांनी डोळे पुसले, दोन दिवसांत सगळं उरकलं. कुणी पाप म्हणालं नाही, कुणी पक्षही विचारला नाही. आपल्याकडे हा गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. इथे २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा निकाल रद्द केला, त्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. बाईला ही वाट हवी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण मी दुसरी बाजूही पाहिली आहे. आमच्याच नात्यातल्या एका वहिनीला तिसऱ्या खेपेला शेजारच्या जिल्ह्यात कुठेतरी नेलं आणि ती रिकामी परत आली. आधीच्या दोन मुली होत्या. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी वाचत आपण मोठे झालो. असा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रालाच करावा लागला होता. म्हणून इथली एखादी मैत्रीण 'कसलीच मर्यादा नको, कारणही विचारू नका' म्हणते, तेव्हा मला ती वहिनी आठवते आणि मी गप्प होते. हे दोन्ही सांभाळणारा पक्ष कोणता?

दुसरा विषय आपल्या सगळ्यांचाच. आम्ही २००९ ला आलो. नवरा एच-१बी या कामाच्या व्हिसावर आणि मी त्याच्यासोबतच्या एच-४ वर, त्यात सहा वर्षं घरी बसून काढली. २०१५ मध्ये ओबामांच्या काळातल्या नियमाने कामाचा परवाना मिळाला तेव्हा कुठे नोकरी लागली. ग्रीन कार्ड २०२१ ला हातात आलं, अकरा वर्षांनी. त्यामुळे 'रांगेत उभं राहून या' हे रिपब्लिकन वाक्य मला पटतं. मी ती रांग पायांनी मोजली आहे. पण त्याच पक्षाच्या अध्यक्षांनी गेल्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं. ही रांगेतल्यांची कदर म्हणायची का? बरं, डेमोक्रॅट रांगेतल्यांसाठी लढले म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. ग्रीन कार्डवरची देशवार मर्यादा काढणारं विधेयक २०१९ च्या जुलैत हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. त्या रात्री आम्ही शिरा केला होता. सिनेटमध्ये ते मांडणाऱ्यांत रिपब्लिकन माइक ली होते, सोबत डेमोक्रॅट कमला हॅरिस होत्या. अडवणाऱ्यांत रिपब्लिकन रँड पॉल होते आणि डेमोक्रॅट डिक डर्बिनही. शेवटी कायदा झालाच नाही. यात दोष कोणत्या रकान्यात टाकू?

तिसरा विषय मंडळात बोलायला मला भीती वाटते. मी इंजिनियर झाले ती भटक्या जमाती 'क' मधल्या राखीव जागेवर. साडेतीन टक्के आरक्षण नसतं तर आज मी इथे नसते. २०२३ मध्ये कोर्टाने हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वंश बघणं बंद केलं, तेव्हा गणपतीच्या तयारीच्या बैठकीत आनंदाने टाळ्या वाजल्या. माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या प्रवेशाला त्या निकालाचा कदाचित फायदाच होईल, आणि आई म्हणून मला तो हवासाही वाटतो. पण त्या टाळ्या मला वाजवता आल्या नाहीत.

बाकीचं थोडक्यात. शाळेत लॉकडाउन ड्रिल असते, म्हणजे कुणी बंदूक घेऊन शिरलं तर लपायचा सराव, तेव्हा मुलगा घरी येऊन ते सांगतो. बंदुकांच्या बाबतीत मी डेमोक्रॅटांच्या जवळ आहे. शाळेचा मालमत्ता कर दरवर्षी वाढतो आणि हिशोब कुणी मागितला की त्यालाच वाईट ठरवतात, तिथे मी रिपब्लिकनांच्या जवळ आहे. आईवडिलांना इकडे आणायचं आहे, त्यामुळे आधीच्या आजारासाठी विमा नाकारता येणार नाही हा ओबामा यांचा कायदा टिकायला हवा.

माझे प्रश्न असे:

मतं अशी विखुरलेली असताना तुम्ही पक्ष कसा ठरवलात? एखादा विषय बाकी सगळ्यांपेक्षा जड मानलात का?

नंतर पक्ष बदलला तर काही त्रास होतो का?

आणि नोंदणीचा पक्ष शेजाऱ्यांना, ऑफिसात कळतो का?

कृपया ट्रम्पवरून किंवा मोदींवरून भांडण नको. मिशिगनमधून श्री ठाणेदार निवडून आले म्हणून मराठी माणसाने डेमोक्रॅट व्हावं, किंवा उपाध्यक्षांच्या पत्नी उषा व्हान्स आपल्या म्हणून रिपब्लिकन, हेही नको. मला खरंच ठरवायचं आहे.

प्रतिसाद, ऑस्टिनहून:

ताई, आधी सोप्या प्रश्नांची उत्तरं. पक्ष कधीही बदलता येतो, तोच फॉर्म पुन्हा भरायचा, फक्त त्या निवडणुकीच्या मुदतीत. तुमच्या राज्यात मतदार यादीत पक्ष दिसतो आणि ती यादी विकत मिळते, तेव्हा प्रचाराची पत्रकं त्या हिशोबाने येतील. मत कुणाला दिलं ते मात्र कुणालाही कळत नाही. आमच्या टेक्ससमध्ये पक्षनोंदणीच नाही. प्रायमरीच्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागायची. त्यामुळे आमच्यावर हा प्रसंग आला नाही, नाहीतर मीही तुमच्यासारखाच अडलो असतो.

पक्षांचे जाहीरनामे स्वतः वाचा. २०२४ चा रिपब्लिकन जाहीरनामा अवघा सोळा पानांचा आहे. डेमोक्रॅटांचा कितीतरी मोठा आहे, पण हवे ते विषय शोधून वाचता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं त्यातलं निम्मं दोन्हींत सापडत नाही.

प्रतिसाद, बक्स काउंटीतूनच:

ताई, मी इथे २६ वर्षं आहे आणि आपल्या काउंटीचं मन तुमच्यासारखंच आहे. २०१६ ला क्लिंटन, २०२० ला बायडन, २०२४ ला अगदी निसटत्या फरकाने ट्रम्प. आणि या तिन्ही वेळी हाउसमध्ये गेले रिपब्लिकन ब्रायन फिट्झपॅट्रिक. गेल्या जुलैत ट्रम्प यांच्या मोठ्या कर-विधेयकाच्या अंतिम मतदानात विरोधात मत देणारे दोनच रिपब्लिकन होते, त्यांतले एक हे. म्हणजे तुमच्या वडिलांची रीत इथे रोज चालते. पूर्वी एक बटण दाबलं की सगळी मतं एकाच पक्षाला जायची, ती सोय २०१९ च्या कायद्याने काढली. आता प्रत्येक पदासाठी वेगळी खूण करावी लागते.

माझं सांगणं एवढंच, की कुठला विषय कुणाच्या हातात आहे ते आधी लावून घ्या. गर्भपात २०२२ पासून राज्याचा विषय आहे. तिथे गव्हर्नर, राज्याची विधानसभा आणि राज्याचे न्यायाधीश महत्त्वाचे. न्यायाधीशही आपणच निवडतो, हे नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. ग्रीन कार्डची रांग फक्त वॉशिंग्टनच्या हातात. शाळेचा कर स्कूल बोर्डाच्या हातात, आणि बोर्डाचा उमेदवार आपल्या राज्यात दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत उभा राहू शकतो. तुमचे तीन विषय तीन वेगळ्या खुणांत जातात, ताई. ते एका रकान्यात मावणारच नाहीत.

आणि तुमच्या वहिनींबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून सांगतो. पेन्सिल्व्हेनियात साधारण चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताला परवानगी आहे, पण केवळ लिंग पाहून केलेल्या गर्भपाताला कायद्यात मनाई आहे. तुम्ही जी दोन टोकं सांगितलीत ती इथल्या एकाच कायद्यात आहेत. कायदा जुना आहे. त्यात काय ठेवायचं, काय बदलायचं म्हणतात ते उमेदवाराला थेट विचारा. उमेदवार सभागृहाबाहेर उभे असतात, बोलतात.

प्रतिसाद, एडिसनहून:

मी थोडं वेगळं म्हणेन. 'कोणताच नाही' लिहू नका. स्कूल बोर्डासारख्या ठिकाणी खरी निवड बरेचदा प्रायमरीतच होऊन जाते. आमच्या न्यू जर्सीत पक्ष न लिहिलेल्याला प्रायमरीच्या दिवशी पक्ष निवडता येतो, तुमच्याकडे ती सोय नाही. जिथे आपल्याला पटणारा आणि न पटणारा यांत जास्त चुरस आहे त्या पक्षात नाव घाला. ते लग्न नव्हे, फक्त त्या दाराने आत जायची परवानगी आहे. आरक्षणाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. मीही राखीव जागेवरच शिकलो आणि त्या टाळ्या आमच्याकडेही वाजल्या होत्या.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. एडिसनच्या दादा, तुमच्या प्रतिसादाचा शेवट मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या जागेची गोष्ट तिला आजवर सांगितलीच नव्हती, काल रात्री सांगितली. ती बराच वेळ प्रश्न विचारत होती.

त्या लिंगाच्या कलमाबद्दल मला खरंच माहीत नव्हतं. रात्री कायद्याचा मजकूर शोधून वाचला, आहे तसंच आहे. आता मी वहीत तीन पानं केली आहेत: राज्य, वॉशिंग्टन, शाळा. प्रत्येक पानावर उमेदवारांची नावं आणि त्यांना विचारायचा एकच प्रश्न. राज्याच्या पानावरचं पहिलं नाव लिहून झालं आहे, त्यांच्या कार्यालयाला उद्या फोन करते. दोन्ही प्रायमरींतल्या नावांची अशी पानं भरली की जिथे माझ्या मताने जास्त फरक पडेल असं वाटेल, तो पक्ष रकान्यात लिहीन. मुदत ४ मे, त्याच्या आधी फॉर्म टपालात टाकते.

गव्हर्नरला प्रश्न विचारायचा तर तो नेमका कसा मांडावा, हे कुणी सांगू शकेल का? इंग्रजीत लिहायला बसले की माझा प्रश्न फार लांबतो.