स्टॉपलॉस लावून निर्धास्त झोपावं?

दादा, तुम्ही म्हणता की नव्या इंटरनेट कंपन्यांचे शेअर घ्यावेत, स्टॉपलॉस (भाव ठरलेल्या पातळीपर्यंत पडला की आपोआप विकायची ऑर्डर) लावावा आणि निर्धास्त राहावं. तिथेच गोम आहे.

३१ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने पेटीएमच्या बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा शेअर ७६१ च्या आसपास होता. दुसऱ्या दिवशी थेट २० टक्क्यांचं लोअर सर्किट (एका दिवसात भाव पडण्याची शेवटची मर्यादा), तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, भाव ४८७. समजा तुमचा स्टॉपलॉस ७३० वर होता. तो लागतो, ऑर्डर जाते, पण समोर घेणाराच नाही! विकणाऱ्यांची नुसती रांग. स्टॉपलॉस म्हणजे विकण्याचा हुकूम, भावाची हमी नव्हे.

दुसरी चूक माझी स्वतःची. एका नव्या शेअरच्या लिस्टिंगच्या, म्हणजे बाजारात पहिल्यांदा येण्याच्या, दिवशी राजवाड्याजवळ पोहे-जलेबी खाता खाता मोबाईलवरून मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाने खरेदी, टाकली. दिसला एक भाव, मिळाला चौदा रुपये वरचा. विकायला गेलो तर ॲप गोल गोल फिरत बसलं. पोहे गार झाले ते वेगळंच. तेव्हापासून फक्त लिमिट ऑर्डर, म्हणजे भावाची हद्द आपण ठरवायची, आणि पहिला तास हात खिशात.

आमच्या इंदूरच्या सराफ्यात सौदा तोंडी व्हायचा, पण समोरचा माणूस तरी दिसायचा.

इंट्राडेचं, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचं म्हणाल, तर बाजार नियामक सेबीच्याच पाहणीत २०२२-२३ मध्ये कॅशमध्ये (थेट शेअरच्या बाजारात) इंट्राडे करणारे दहापैकी सात जण तोट्यात होते. उधारीच्या मार्जिनवर तर मुळीच नको. तुमचा स्टॉपलॉस साधा मार्केट ऑर्डरवाला आहे की लिमिटवाला, ते आधी सांगा.