अनुभव धागा : सगळे हनिमूनला गोव्यात येतात, मग गोंयकार कुठे जातात?

माझ्या मावसभावाचं लग्न तोंडावर आलंय. श्रीलंका की बाली, यावर त्याचा नि होणाऱ्या बायकोचा रोज काथ्याकूट चाललाय आणि काका चहाबरोबर एकच वाक्य ऐकवतात, "दर्या, माड नि नुस्तें बघायला पैसे मोडून विमानात बसायचं? चल, मी तुला मिरामारला सोडतो." काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. कोपरापर्यंत लाल चुडा भरलेल्या दिल्ली-पंजाबच्या नव्या नवऱ्या कळंगुटच्या वाळूत पाहतच आपण मोठे झालो. त्यांच्या आल्बमांत मागे कुठेतरी सायकलवरून जाताना आपणही सापडू.

तर गोव्यातल्यांनी, आणि लग्न करून गोव्यात आलेल्यांनीही, लिहा. देश उष्ण कटिबंधातलाच हवा, स्वित्झर्लंडवाल्यांनी वेगळा धागा काढावा. हॉटेलांचे दर नि पॅकेजं नकोत, ती फोनवर ढिगाने मिळतात. तिथे गेल्यावर काय झालं, ते सांगा.

फोंड्याची सून

आम्ही श्रीलंकेला गेलो. तुळशीचं लग्न लागलं आणि पहिल्याच मुहूर्तांत आमचंही. पाचपरतावण, कुलदेवतेची ओटी, आजेसासूबाईंचा नवस, सगळं आटपेपर्यंत डिसेंबर लागला. ते बरंच झालं, कारण कोलंबो-गॉलच्या बाजूला तेव्हा हवा छान असते.

पहिल्या सकाळी न्याहारीला शिरवळ्या आल्या. ते लोक ताटलीएवढ्या छोट्या चकत्या पाडतात, आपल्यासारखा गोड रस नसतो, सोबत पातळ हुमण (नारळाच्या रसाची आमटी) आणि पोल सांबोल. ओलं खोबरं, लाल मिरची, बारके कांदे, लिंबू आणि सुकवलेल्या माशाचा चुरा, सगळं हाताने चुरडलेलं. नवऱ्याने एक चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मोठे करून म्हणाला, "किसमूर गो ही!" आपली सुक्या माशाची नि खोबऱ्याची कोशिंबीर. मग रोज दोन वाट्या. पुढे एका खानावळीत आंबुल तियाल म्हणून माशाचं सुकं मिळालं, काळ्या मिरीने काळंकुट्ट. आंबट चव ओळखीची वाटली म्हणून स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, तर बाईने गोरकाच्या वाळक्या फाका हातावर ठेवल्या. आपल्या सोलांच्याच कुळातलं फळ. मी दोन मुठी बांधून आणल्या, सासूबाईंनी बांगड्याच्या हुमणात घालून बघितल्या आणि "चलता" एवढाच शेरा दिला. आमच्या घरी ही मोठी पावती.

पण खरं सांगायचं ते आमच्या ड्रायव्हरचं. नेगोंबोचा, वयस्क, आडनाव थेट आमच्या शेजाऱ्यांचं. कँडीच्या घाटात त्याने विचारलं, इंडियात कुठले? गोवा म्हटल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, पंक्चर. त्याने काचेजवळ चिकटवलेल्या एका चित्रावर बोट ठेवलं. संत जुझे वाझ. १६५१ साली बाणावलीत जन्मलेला हा पाद्री डचांच्या राजवटीत, कॅथलिकांवर बंदी असताना, मजुराच्या वेशात १६८७ साली श्रीलंकेत शिरला आणि १७११ साली कँडीत वारला. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संतपद दिलं, तेव्हा आमचा ड्रायव्हर त्या गर्दीत होता. हे सगळं तो आम्हाला सांगत होता, आम्ही ऐकत होतो! मग त्याने विचारलं, बाणावलीच्या चर्चचा फोटो आहे का? माझ्या फोनमध्ये बाणावलीचे फोटो होते खूप, पण सगळे शॅकवरचे. परत आल्यावर नवऱ्याने मुद्दाम गाडी काढून बाणावली गाठली आणि चर्चचे फोटो त्याला पाठवले.

कँडी-एल्ला रेल्वेचं कौतुक सगळीकडे वाचाल. प्रवास सुंदरच आहे, पण दारात लटकून रील काढणाऱ्यांमुळे मला चहाचे मळे कमी आणि लोकांच्या पाठी जास्त दिसल्या. मावसभावाला सांगा, तिकीट आधी काढ आणि खिडकी धर.

कांदोळीचा हाऊसकीपिंगवाला

माझी गोष्ट जरा वेगळी. मी कांदोळीला हॉटेलात आहे. तुमचा हनिमून म्हणजे माझी ड्युटी. पलंगावर टॉवेलचे हंस नि गुलाबाच्या पाकळ्यांचं बदाम मी इतक्यांदा केलंय की झोपेतही करीन. साहजिकच आमच्या लोकांना सीझनमध्ये लग्न करायची परवानगी नसते, म्हणजे लेखी नाही, पण साहेबाचा चेहरा बघावा. लग्न मे महिन्यात आणि रजा पावसात, ही आमची रीत.

आता पावसात जायचं कुठे? एजंट फुकेत-क्राबी म्हणत होता. पण तो किनारा अंदमान समुद्राचा, आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस झोडपतो, मे ते ऑक्टोबर. आमच्या हॉटेलात येणाऱ्या एका म्हाताऱ्या इंग्रजाने सांगितलं, पलीकडे जा, थायलंडच्या आखातात, को सामुईला. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. गेलो ऑगस्टात. संध्याकाळची एखादी सर सोडली तर ऊन!

खोलीत शिरलो तर पलंगावर दोन हंस. माझी बायको "अय्या" म्हणायच्या आत मी माना बघितल्या. डावीकडच्याची मान पडलेली, गुंडाळी सैल. मी बसवून दिली. तिने मला दम भरला की चादरीची घडी तपासलीस तर मी मोपाच्या विमानतळावर परत जाते. पण डोळ्याला सवय. नळाच्या मागे बोट फिरवलंच.

दुसरी अडचण श्रावणाची. आमच्या घरी श्रावणात नुस्तें (मासे) नाही, आणि तिचा तर सासरचा पहिला श्रावण. थायलंडमध्ये भाजी म्हणून समोर येईल त्यात माशाचं पाणी असतं, नाम प्ला म्हणतात, मिठाच्या जागी तेच. अंडं नको, मटण नको सांगून भागत नाही. शेवटी हॉटेलातल्या पोरीने शिकवलं, "जे" म्हणा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ते लिहिलेलं दुकान शोधायचं, तिथे मासा नाही, अंडं नाही, लसूणसुद्धा नाही. आमच्या आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग तिथली माणसं आपल्यापेक्षा सोवळी!

सामुई म्हणजे माडांचं बेट. तिथे नारळ उतरवायला माकडं शिकवायची जुनी चाल आहे. गळ्यात दोरी बघून बायकोला वाईट वाटलं, मलाही. माझ्या सासऱ्यांना व्हिडिओ पाठवला, तर त्यांचा जबाब, "आमच्या पाडेल्याचा (नारळ पाडणाऱ्याचा) भाव काय झालाय तुला माहीत आहे का? एक घेऊन ये." रविवारी आयतार पूजनाला सून घरात हवी म्हणून शनिवारी रात्री उतरलो. पहाटे पत्री खुडायला तिलाच जायचं होतं.

म्हापशाची

छोटंच, पण कामाचं. तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढा. आमच्या एजंटने लाडाने माझं सासरचं आडनाव घातलं, पासपोर्ट माहेरच्या नावाचा. विमानतळावर हे कळलं. तासभर रडारड, नवीन तिकीट, दुप्पट पैसे. लग्न झालं म्हणून पासपोर्ट बदललाच पाहिजे असा नियम नाही. माझा अजून माहेरच्याच नावाचा आहे आणि मी त्यावर चार देश फिरले.

साखळीकर

बाली. लग्न फेब्रुवारीत, सुटी मार्चमध्ये, साल २०२३. बुकिंग करताना कुणी सांगितलं नाही की त्या वर्षी २२ मार्चला बालीचा विमानतळ चोवीस तास बंद असणार. आम्ही उबुदला होतो, त्यामुळे अडकलो असं नाही, पण आधी कळलं असतं तर पाडव्याचं काहीतरी बरोबर नेलं असतं.

कारण त्या वर्षी त्यांचा न्येपी, म्हणजे नववर्षाचा मौनाचा दिवस, आणि आपला पाडवा एकाच दिवशी आला. आदल्या संध्याकाळी आम्ही चौकात गेलो तर समोर आपल्या दिवाळीत जाळतात तसा नरकासुर! सुळे बाहेर, बुबुळं वटारलेली, केस मोकळे, बांबूच्या जाळीवर उभा, खाली खांद्यावर घेणारी शाळकरी पोरं. तिकडे ओगोह-ओगोह म्हणतात. चौकात आणून गरगर फिरवतात, म्हणजे भुतांना वाटेचा पत्ता लागू नये, आणि मग जाळतात. मी साखळीत वाड्यावरच्या नरकासुराला कागद चिकटवत वाढलेला माणूस, मला राहवेना. जवळ जाऊन हात बघितले. आम्ही गवत भरतो, वर कागद. त्यांची बोटं वेताची विणलेली, नखंसुद्धा वेगळी बसवलेली, मनगटाची शीर उठून दिसत होती. आमची पोरं हल्ली तयार मुखवटा आणतात आणि सगळा पैसा डीजेवर घालतात. हे मी तिथे उभा राहून बायकोला ऐकवत होतो आणि ती म्हणत होती, हनिमूनला आलास की स्पर्धेचा परीक्षक म्हणून?

दुसऱ्या दिवशी चिडीचूप. रस्त्यावर माणूस नाही, दिवा नाही, चूल नाही, करमणूक नाही. पेचालांग म्हणून गावचे राखणदार असतात, ते बाहेर पडू देत नाहीत. हॉटेलवाल्यांनी आम्हाला पडदे ओढून घ्यायला सांगितलं, जेवण आदल्या दिवशीचं. मोबाईलचं इंटरनेटही त्या दिवशी बंद. तिकडे आई पाडव्याचा फोन लावून लावून दमली आणि तिने ट्रॅव्हल एजंटला झोपेतून उठवलं.

मला राहून राहून आठवतं ते रिसेप्शनवरचं कॅलेंडर. पानाच्या डोक्यावर शके १९४५. आपल्या पंचांगातही त्याच दिवशी शके १९४५ लागलं. गुढी उभारता आली नाही. बायकोने लग्नातला शेला खुर्चीच्या पाठीवर टाकला, त्यावर हॉटेलातला तांब्यासारखा दिसणारा मग पालथा घातला. वात लावायची सोय नव्हती, विस्तवाला बंदी. रात्री गच्चीवर आकाश असं दिसलं की कुळागरातल्या घरी लाईट गेल्यावरही दिसत नाही. दोघांनी मिळून सप्तर्षी शोधले, आणि डासांनी आम्हाला.

वास्कोवाला

मालदीवला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान मालेला संध्याकाळी पोचत असेल तर ती रात्र मालेतच. दोन, दारू नेता येत नाही. माझ्या मित्रांनी न सांगता बॅगेत काजू फेणीची बाटली कोंबली होती, वर चिठ्ठी, "थंडीसाठी". मालदीवमध्ये थंडी! कस्टमवाल्याने बूच उघडून वास घेतला आणि मागे सरकला. पावती करून ठेवून घेतली, परतताना दिली. तो प्रत्येक वेळी बाटली हातभर लांब धरत होता.

काणकोणची, सध्या पणजीत

आम्ही मॉरिशसला गेलो. तिथे मराठी माणसं आहेत हे वाचलं होतं, तरी टॅक्सीवाला आरसा नीट करत "तुम्ही मराठी?" म्हणाला तेव्हा दचकलेच. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेले. पुढे त्याला मराठी बोलता येईना, क्रिओल नि फ्रेंच सुरू झालं. पण गणपतीची आरती सगळी पाठ, एकही शब्द न अडखळता. चवथीची तिकडे देशभर सरकारी सुटी असते. पोर्ट लुईला आप्रवासी घाट त्यानेच दाखवला, १८३४ पासून मजूर जिथे उतरवले ती जागा. जहाजातून उतरणाऱ्यांच्या पायऱ्या अजून आहेत. नवऱ्याला समुद्रकिनारा हवा होता, तो मिळाला नंतर. निळाशार आहे, पण वाळूत तिसऱ्या नाहीत, किनाऱ्यावर रापण (मोठं जाळं) ओढणारं कुणी नाही. माझ्या मते बघायला छान, राहायला आपलंच.

डिचोलीची आजी (नात टाइप करतेय)

आमचा हनिमून म्हणजे कोल्हापूर नि नरसोबाची वाडी, बरोबर सासू-सासरे नि धाकटी नणंद. नवरा दोन पावलं पुढे चालायचा. वाडीची बासुंदी चांगली असते. लिहा म्हटलात म्हणून लिहिलं.

धागाकर्ती

आजी, तुम्हाला देश-बिशाच्या अटीतून सूट! मावसभावाने सगळं वाचलं. काकांनीही, चष्मा लावून. आता प्रश्न असा की त्याला रजा मिळतेय ती ऑगस्टात. मग श्रीलंका बाद का?

फोंड्याची सून

बाद कशाला? ऑगस्टात गॉल-बेंटोटाची बाजू सोडा आणि पूर्वेला त्रिंकोमाली धरा. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरानंतरचा, ऑगस्टात समुद्र शांत. कँडीचा पेराहेरा, बुद्धाच्या दाताच्या मंदिराचा हत्तींचा उत्सव, बहुतेक ऑगस्टातच येतो. फक्त तारखा बघून खोली आधी धरा, तेव्हा कँडीत पाय ठेवायला जागा नसते. आणि पौर्णिमेला दारूविक्री बंद असते, हे काकांना सांगू नका, ते लगेच बेत बदलायला लावतील.